रक्तात जातं म्हणे

भाची काही दिवस आमच्याकडे राहायला आली होती, सातवा महिना चालू होता तिला. एकदा सकाळी ती बाथरूमच्या आरशासमोर बराच वेळ उभी दिसली म्हणून मी डोकावले, तर एका हातात सनस्क्रीनची ट्यूब, दुसऱ्या हातात मोबाईलचा टॉर्च, आणि ट्यूबच्या मागची बारीक अक्षरं ती एकेक करून वाचत होती. मधल्या महिन्यांत तिच्या दोन्ही गालांवर आणि ओठाच्या वर वांग आले होते, डॉक्टरांनी सांगितलं होतं की हार्मोन्समुळे होतं, ऊन लागलं की वाढतं, रोज सनस्क्रीन लावायचं. आणि आदल्या रात्री कुणीतरी तिला मेसेज पाठवला होता की सनस्क्रीनमधली केमिकल्स रक्तात जातात, दुधात उतरतात, बाळापर्यंत पोचतात. मला बघून म्हणाली, "मावशी, हे ऑक्सिबेन्झोन म्हणजे तेच ना गं? रक्तात जातं म्हणे. लावू की नको?" मी ट्यूब घेतली, वाचली, म्हटलं आजचा दिवस टोपी घाल, सावलीत बस, मी नीट वाचते आणि मग सांगते. ती बरं म्हणाली आणि झाकण लावून ट्यूब परत ठेवून दिली. पण तिचा तो चेहरा काही केल्या माझ्या डोक्यातून जाईना. एकीकडे गालावरचे डाग तिला रोज आरशात छळत होते आणि दुसरीकडे पोटातलं बाळ, आणि या दोघांच्या मधे मला उभं केलं होतं तिने.

हो किंवा नाही, एवढंच तिला हवं होतं.

हा प्रश्न मला परका नव्हता कारण मी स्वतः रोज सनस्क्रीन लावते. तो गोडसर औषधी वास माझ्या सकाळचा भाग झालाय. घाम आला की कपाळावरचं भुवईतून खाली डोळ्यात उतरतं आणि मग जे झोंबतं ना, डोळे पुसावेत तर हातालाही तेच लागलेलं असतं. पांढऱ्या कुर्त्याच्या गळ्याला पिवळट तपकिरी डाग पडतात, ते घासून जात नाहीत, ते का पडतात हेही मला नंतर कळलं, ॲव्होबेन्झोन नावाचं जे द्रव्य असतं त्याची पाण्यातल्या लोहाशी गाठ पडली की असा रंग चढतो. म्हणजे अंगाला लावलेलं काहीतरी कपड्यात जातं, पाण्यात जातं, हे मी बघतच होते की. मग ते त्वचेच्या आतही जात असेल का, हा प्रश्न मनात यायला हवाच. भाचीला आलेला मेसेज अर्धवट होता, त्यातली भाषा घाबरवणारी होती, पण त्यामागचा प्रश्न खोटा नव्हता, आणि म्हणूनच "अगं काही होत नाही, लाव" असं म्हणून तो उडवून लावावासा मला वाटला नाही.

आईच्या वेळी हा प्रश्नच नव्हता. तिने जन्मात कधी सनस्क्रीन लावलं नाही, आणि तिचं अर्धं आयुष्य उन्हातल्या कामात गेलं. शेवटच्या काही महिन्यांत तिला आंघोळ घालायचं माझ्याकडे होतं, तेव्हा पहिल्यांदा मी तिचा हात इतक्या जवळून बघितला. कोपराच्या वर, जिथे बाही असायची, तिथली कातडी मऊ, उजळ, एक डाग नाही. आणि कोपराच्या खाली तीच कातडी जाड, काळवंडलेली, जागोजागी तपकिरी ठिपके, चिमटीत धरली तर क्षणभर तशीच उभी राहायची. बाई एकच, वय एकच, फरक फक्त उन्हाचा. आपण ज्याला म्हातारपण म्हणतो त्यातलं खरोखर वयाचं किती आणि उन्हाचं किती, हा विचार तेव्हा डोक्यात आला तो अजून गेलेला नाही. पुढे मी 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये २०१२ साली आलेला एक फोटो पाहिला. ६९ वर्षांचा माणूस, २८ वर्षं डिलिव्हरीचा ट्रक चालवलेला. चेहऱ्याची खिडकीकडची डावी बाजू खोल सुरकुत्यांनी भरलेली, लोंबलेली, आणि उजवी बाजू त्या मानाने बरीच तरुण. काच मधे असूनही. तो फोटो बघताना मला आईचा हातच दिसत होता.

काचेतून येतात ते यूव्हीए किरण. जमिनीवर पोचणाऱ्या अतिनील किरणांत ९५ टक्क्यांच्या आसपास हेच असतात, ३२० ते ४०० नॅनोमीटरवाले, ते त्वचेत खोल जातात, जळजळ करत नाहीत म्हणून कळतही नाहीत. त्याच्या खालचे, २९० ते ३२० वाले, ते यूव्हीबी, ते त्वचा लाल करतात, भाजतात, आणि पेशींच्या डीएनएवर थेट घाव घालतात. एसपीएफ, म्हणजे सनस्क्रीन किती संरक्षण देतं ते सांगणारा आकडा, मुख्यतः या दुसऱ्यांचा असतो. ट्यूबवर मोठ्या अक्षरात ५० लिहिलेलं असतं आणि आपण निश्चिंत होतो, पण यूव्हीएसाठी वेगळी खूण शोधावी लागते, ब्रॉड स्पेक्ट्रम, म्हणजे दोन्ही किरण अडवणारं, असं लिहिलेलं आहे का ते बघावं लागतं. डाग आणि सुरकुत्या ज्यांना छळतात त्यांनी तर हे आधी बघावं.

आता ज्या नावांची भीती आहे ती नावं. ऑक्सिबेन्झोन, ॲव्होबेन्झोन, ऑक्टिनॉक्सेट, ऑक्टोक्रिलीन, होमोसॅलेट, ऑक्टिसॅलेट. ही सगळी कार्बनी रेणूंची मंडळी, त्यांचं काम एकच, किरण आला की तो शोषायचा, त्या ऊर्जेने क्षणभर उत्तेजित व्हायचं, आणि ती ऊर्जा उष्णता म्हणून सोडून परत जागेवर यायचं. पुन्हा पुढच्या किरणासाठी तयार. हे सगळं सेकंदाच्या इतक्या लहान भागात होतं की मला ते वाचताना खरंच कौतुक वाटलं, माणसाने त्वचेवर असा पातळसा पहारा बसवायचं शोधून काढलं याचं. पण प्रत्येक रेणूला हे सारखं जमत नाही. ॲव्होबेन्झोन यूव्हीए अडवायला फार चांगलं, पण उन्हातच ते तुटत जातं, एकटं असलं तर थोड्या वेळात त्याची बरीच ताकद निघून जाते. त्याला सांभाळायला सोबत ऑक्टोक्रिलीन घालतात. ऑक्टिनॉक्सेट सोबत आलं तर उलट ते आणखी लवकर तुटतं. म्हणजे ट्यूबमध्ये काय आहे यापेक्षा काय कशाबरोबर आहे हे जास्त महत्त्वाचं, आणि हे आपल्यासारख्या ग्राहकाला कळायला काही मार्ग नाही, बनवणाऱ्यावर विश्वास टाकावा लागतो.

आणि हा विश्वास कशावर टाकायचा, इथेच माझी गाडी अडली.

कारण कितीतरी वर्षं असं धरून चाललं होतं की हे सगळं त्वचेच्या वरच राहतं. मग २०१९ मध्ये औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या अमेरिकेच्या एफडीए या सरकारी संस्थेच्याच शास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला, तो 'जामा' या वैद्यकीय मासिकात आला. २४ निरोगी माणसं, चार वेगवेगळी सनस्क्रीन, अंगाच्या ७५ टक्के भागावर, दिवसातून चार वेळा, चार दिवस. मग रक्त तपासलं. ॲव्होबेन्झोन, ऑक्सिबेन्झोन, ऑक्टोक्रिलीन, इकॅम्स्युल, चारही रक्तात सापडली, आणि सगळी एफडीएने ठरवलेल्या रेषेच्या वर. ती रेषा म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ०.५ नॅनोग्रॅम. ऑक्सिबेन्झोन तर काही गटांत २०० नॅनोग्रॅमच्या आसपास गेलं. पुढच्या वर्षी ४८ जणांवर परत केलं, सहा द्रव्यं घेतली, तर एकदाच लावूनही ती रेषा ओलांडली गेली, आणि ऑक्सिबेन्झोन तर लावणं बंद केल्यावरही बरेच दिवस रक्तात मिळत राहिलं. त्याच्याही आधी, २००३-०४ च्या एका मोठ्या अमेरिकन पाहणीत, तपासलेल्या लघवीच्या नमुन्यांपैकी जवळजवळ ९७ टक्क्यांत ऑक्सिबेन्झोन मिळालं होतं. आईच्या दुधातही मिळालेलं आहे. म्हणजे भाचीच्या मेसेजमधलं ते वाक्य, रक्तात जातं, दुधात उतरतं, ते खरं होतं.

हे वाचल्यावर मी लॅपटॉप मिटून थोडा वेळ नुसती बसले होते. मग परत उघडला, कारण त्या रेषेचा अर्थ मला नीट समजून घ्यायचा होता. ती रेषा म्हणजे याच्या वर गेलं की अपाय होतो अशी नाही. याच्या वर रक्तात जात असेल तर कॅन्सर होतो का, गर्भावर परिणाम होतो का, याचे रीतसर अभ्यास करून दाखवा, त्याच्या खाली असेल तर त्यातल्या काही अभ्यासांतून सूट मिळू शकते, अशी ती आहे. रेषा ओलांडली म्हणजे प्रश्न उभा राहिला, उत्तर मिळालं असं नाही. ज्यांनी हा प्रयोग केला त्यांनीच लिहून ठेवलंय की यावरून लोकांनी सनस्क्रीन बंद करावं असं निघत नाही. मेसेजमध्ये हे दुसरं वाक्य नव्हतं. घाबरवणाऱ्याने तेवढंच वाक्य गाळलं, आणि विकणारे पहिलं वाक्य गाळतात, मधल्यामधे सात महिन्यांची गरोदर पोर आरशासमोर टॉर्च घेऊन उभी.

ही द्रव्यं हार्मोन्स बिघडवतात असं जे बोललं जातं त्याचं मूळ बरंचसं उंदरांवरच्या अभ्यासांत आहे. २००१ मध्ये लहान उंदीर माद्यांना ऑक्सिबेन्झोन खायला घातलं तेव्हा त्यांच्या गर्भाशयाचं वजन वाढलेलं दिसलं, इस्ट्रोजेन या हार्मोनसारखा परिणाम. पण दिलेली मात्रा प्रचंड होती आणि ती पोटातून दिली होती, माणूस नेहमीसारखं अंगाला लावून तिथपर्यंत पोचायला आयुष्य पुरायचं नाही. गरोदर बायकांवरच्या अभ्यासांत, बाळाच्या वजनाशी वगैरे संबंध लावून बघितला गेला, काहींत थोडा दिसला, काहींत दिसला नाही, काहींत मुलगा आणि मुलगी यांच्यात वेगवेगळं दिसलं. अशा निकालांवरून ना घाबरता येतं ना निर्धास्त होता येतं. मला वाटतं ज्याला बाळ होणार नाहीये त्याने हे वाचून खांदे उडवणं सोपं आहे, जिच्या पोटात बाळ आहे तिला ते सोपं नाही, आणि तिला घाबरट ठरवायचा अधिकार कुणालाच नाही.

युरोपने यात जो रस्ता धरला तो मला त्यातल्या त्यात शहाणा वाटतो. बंदीही नाही आणि दुर्लक्षही नाही. त्यांच्या वैज्ञानिक समितीने हिशोब मांडला की अंगभर लावलं तर शरीरात एकूण किती जाईल, आणि त्यावरून २०२२ मध्ये नियम केला की ऑक्सिबेन्झोन चेहऱ्याच्या, हाताच्या आणि ओठांच्या क्रीममध्ये ६ टक्क्यांपर्यंत चालेल, पण अंगभर लावायच्या लोशनमध्ये २.२ टक्क्यांच्या वर नाही. होमोसॅलेट तर फक्त चेहऱ्याच्या क्रीमपुरतं ठेवलं, तेही ७.३४ टक्क्यांपर्यंत, अमेरिकेत तेच १५ टक्क्यांपर्यंत चालतं. द्रव्य तेच, पण किती जागेवर लावणार त्यावर मर्यादा, यात मला कुणीतरी बसून विचार केल्यासारखा वाटतो. चेहऱ्यावर बोटभर क्रीम लावणारी बाई आणि समुद्रावर दिवसभर अंगभर फासणारा माणूस यांचा धोका एक नाही, हे साधं आहे पण मेसेजांमध्ये कुणी सांगत नाही.

आणि मग ज्या गोष्टीने मला सगळ्यात जास्त विचारात पाडलं ती. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्ये नॅम्बर नावाचं गाव आहे, तिथे १९९२ मध्ये १६२१ लोकांवर एक चाचणी सुरू झाली. चिठ्ठ्या टाकाव्या तशी माणसं वाटली, अर्ध्यांनी डोकं, मान, हात यांना रोज सनस्क्रीन लावायचं, बाकीच्यांनी आपापल्या सवयीप्रमाणे. साडेचार वर्षं चाललं हे. रोज लावणाऱ्यांमध्ये स्क्वेमस सेल प्रकारच्या त्वचेच्या कॅन्सरच्या गाठी साधारण ४० टक्क्यांनी कमी झाल्या, बेसल सेल या दुसऱ्या प्रकारात फरक दिसला नाही. चाचणी संपल्यावर दहा वर्षांनी मेलेनोमा, म्हणजे त्वचेचे सगळ्यात घातक कॅन्सर, मोजले तर रोज लावणाऱ्यांत ११ आणि दुसऱ्या गटात २२. आणि २०१३ मध्ये हातांच्या त्वचेचे ठसे तपासून सांगितलं की रोज लावणाऱ्यांची त्वचा २४ टक्के कमी म्हातारी झाली होती. सनस्क्रीनच्या बाजूने माणसांवरचा याहून भक्कम पुरावा मला सापडला नाही. आणि ते जे सनस्क्रीन दिलं होतं त्याचा एसपीएफ फक्त १६ होता, आणि त्यात होतं काय, तर ८ टक्के ऑक्टिनॉक्सेट आणि २ टक्के ॲव्होबेन्झोन.

म्हणजे ज्या नावांवर लाल फुली मारलेली चित्रं आपल्याला फॉरवर्ड होतात, त्याच द्रव्यांनी त्या गावात कुणाचेतरी मेलेनोमा टाळले.

त्या रात्री मला झोप लागायला उशीर झाला. चांगलं आणि वाईट वेगवेगळ्या डब्यात असतं तर किती बरं झालं असतं. रक्तात जाणारं जे द्रव्य आहे तेच कॅन्सर टाळणारं आहे, एकाच ट्यूबमध्ये. अर्थात नॅम्बरचा पुरावा गोऱ्या त्वचेचा आहे, हे विसरून चालणार नाही. सावळ्या किंवा गडद त्वचेत मेलेनिन हे रंगद्रव्य जास्त, अगदी गडद त्वचेला तर त्याचा स्वतःचाच बऱ्यापैकी एसपीएफ असतो, अशा त्वचेत उन्हाने होणारे कॅन्सर खूप कमी, आणि मेलेनोमा झालाच तर तो बऱ्याचदा तळपाय, तळहात, नखाखाली असा होतो जिथे उन्हाचा संबंधच नसतो. म्हणून आपल्यासारख्या रंगाच्या माणसाला "कॅन्सर होईल, सनस्क्रीन लाव" असं धमकावणं मला प्रामाणिक वाटत नाही. आपला फायदा मुख्यतः डागांचा, वांगाचा, त्वचा लवकर जून होण्याचा. आणि कृपया त्याला नुसतं दिसण्याचं प्रकरण म्हणू नका. वांग आलेली बाई फोटो काढायचे टाळते, लोक भेटल्या भेटल्या "हे काय झालं चेहऱ्याला" विचारतात, हे मी भाचीच्या बाबतीत रोज बघत होते.

मग सगळे सांगतात, झिंक ऑक्साईडचं लावा, मिनरल लावा, ते सेफ. एफडीएने २०१९ च्या प्रस्तावात सनस्क्रीनमधल्या सोळा द्रव्यांपैकी झिंक ऑक्साईड आणि टायटॅनियम डायॉक्साईड या दोघांनाच सुरक्षित आणि परिणामकारक म्हटलं, पाबा आणि ट्रोलामिन सॅलिसिलेट या दोघांना नाही म्हटलं, आणि बाकीच्या बारांबद्दल माहिती अपुरी आहे, कंपन्यांनी द्यावी, असं म्हटलं. झिंक आणि टायटॅनियम त्वचेतून आत जवळजवळ जात नाहीत, ही त्यांची खरी जमेची बाजू. पण ते आरशासारखे किरण परतवतात असं जे सांगितलं जातं ते फारसं खरं नाही, तेही मुख्यतः शोषतातच, परतवतात ते थोडेच. आणि सावळ्या चेहऱ्यावर त्याचा जो राखाडी थर दिसतो, फोटोत तर जास्तच, तो टाळायला माणूस इतकं पातळ लावतो की उपयोग संपतो. आयर्न ऑक्साईड घातलेलं, त्वचेच्या रंगाचं सनस्क्रीन मिळतं, ते त्यावरचा मला सगळ्यात चांगला उपाय वाटतो, त्याचं आणखी एक कारण आहे. गडद त्वचेत वांग नुसत्या अतिनील किरणांनी नाही तर डोळ्याला दिसणाऱ्या साध्या उजेडानेही वाढतात, आणि तो उजेड बिनरंगाचं सनस्क्रीन, मग ते कुठलंही असो, नीट अडवत नाही. आयर्न ऑक्साईड अडवतं. हे गोऱ्या त्वचेसाठी लिहिलेल्या सल्ल्यांत मागेच पडतं, आणि ज्यांना त्याची सगळ्यात जास्त गरज त्यांच्यापर्यंत पोचत नाही.

ॲलर्जीचंही खरं आहे. पूर्वी पाबा सर्रास वापरायचे, त्याने लोकांना पुरळ यायला लागली म्हणून ते मागे पडलं. अमेरिकेतल्या कॉन्टॅक्ट डर्मटायटिस सोसायटीने २०१४ मध्ये बेन्झोफेनोन या गटाला, ज्यात ऑक्सिबेन्झोन येतं, वर्षातला ॲलर्जेन म्हणून जाहीर केलं. माझ्या एका मैत्रिणीला मानेवर फक्त उन्हात गेल्यावरच लाल चट्टे यायचे, ती उन्हाला दोष द्यायची आणि आणखी जास्त सनस्क्रीन लावायची. ॲलर्जीची पॅच टेस्ट केली तेव्हा कळलं की ऊन आणि ते द्रव्य एकत्र आलं की हे होतं. ऑक्टोक्रिलीनचीही अशी ॲलर्जी असते, विशेषतः दुखऱ्या जागेवर किटोप्रोफेनचं जेल वापरलेल्या लोकांत. दर उन्हाळ्यात खाजवत बसलेल्या माणसाला हे कुणी सांगितलं तर त्याचे कितीतरी त्रासाचे दिवस वाचतात.

सनस्क्रीनने समुद्रातल्या प्रवाळांना इजा होते म्हणतात, त्याबद्दल मला लिहायला जड जातं. हवाईने २०१८ मध्ये कायदा केला आणि २०२१ पासून ऑक्सिबेन्झोन, ऑक्टिनॉक्सेट असलेली सनस्क्रीन विकणं बंद केलं, प्रशांत महासागरातल्या पलाऊ या देशाने २०२० पासून यादी करून बंदी घातली. प्रयोगशाळेत ही द्रव्यं प्रवाळांच्या पिलांना इजा करतात हे दिसलंय, पण खऱ्या समुद्रात, त्या प्रमाणात किती, यावर अजून वाद आहे, आणि प्रवाळ पांढरे पडतायत ते मुख्यतः पाणी तापल्यामुळे. मला त्या बंद्या चुकीच्या वाटत नाहीत. फक्त ट्यूब बदलली आणि समुद्र वाचला असं समाधान कुणी मानू नये, एवढी भीती वाटते. पोहायला जाताना लांब बाह्यांचा पोहण्याचा शर्ट घातला तर लावायचंच कमी होतं, तो मार्ग मला जास्त पटतो.

२०२१ मध्ये काही सनस्क्रीन स्प्रेमध्ये बेंझीन हे कॅन्सर करणारं रसायन सापडलं आणि माल परत मागवला गेला, तेही या सगळ्यात मिसळून सांगितलं जातं. ती भेसळ होती, बनवतानाची अशुद्धी, सनस्क्रीनचं द्रव्य नव्हतं. ती झाली हे वाईटच, पण त्याचा राग ॲव्होबेन्झोनवर काढून उपयोग नाही.

भाचीला मी शेवटी जे सांगितलं ते साधं होतं. आत्ता, या महिन्यांत आणि दूध पाजत असेपर्यंत, रंग असलेलं झिंकवालं लाव, कारण तुझ्याकडे असा पर्याय आहे ज्यात रक्ताचा प्रश्नच जवळजवळ येत नाही आणि वांगाला तो जास्त चांगलाही आहे, मग ज्याचं उत्तर यायचंय ते कशाला लावायचं. आधी जे महिनाभर लावलंस त्याने बाळाला काही झालं असं समजून रात्री जागू नकोस, तसं म्हणायला काहीही आधार नाही. तुझ्या डॉक्टरांनाही विचार. आणि दुपारचं ऊन टाळ, रुंद काठाची टोपी, बाह्या. तिने डॉक्टरांना विचारलं, त्यांनीही तेच सांगितलं. बाळाचं विचारलं तर त्या म्हणाल्या सहा महिन्यांपर्यंत काहीच लावायचं नाही, सावली आणि कपडे.

मी स्वतः केमिकलवालंच लावते, पण नाव बघून घेते. ऑक्सिबेन्झोन नको, एवढं ठरवलंय, कारण त्याच्याहून चांगली द्रव्यं आली आहेत. बेमोट्रिझिनॉल नावाचं एक आहे, युरोपात दोन दशकांहून जास्त काळ वापरात आहे, त्याचा रेणू ऑक्सिबेन्झोनच्या जवळजवळ तिप्पट वजनाचा, रेणुभार ६२८ च्या आसपास, म्हणून ते त्वचेतून आत फारच कमी जातं, उन्हात स्वतः तुटत नाही आणि ॲव्होबेन्झोनलाही सांभाळतं, यूव्हीए आणि यूव्हीबी दोन्ही अडवतं. हे वाचल्यावर मला आनंद झाला आणि त्याच वेळी चीडही आली. कारण अमेरिकेत सनस्क्रीन औषध म्हणून तपासतात, तिथे नवीन द्रव्य येऊ देण्याआधी सगळे कागद मागतात, आणि जुनी द्रव्यं मात्र कागद अपुरे असताना विकत राहतात. चांगलं बाहेर थांबलेलं आणि जुनं आत बसलेलं, वर्षानुवर्षं असंच चाललं होतं.

आणि लावायचं तर पुरेसं लावायचं, हे मी आता सगळ्यांना सांगते, कुणी विचारो न विचारो. एसपीएफ मोजताना दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम लावून मोजतात, आणि आपण लावतो त्याच्या चौथा हिस्सा ते अर्धं. भिंतीला रंगाचा एकच पातळ हात दिला तर खालची भिंत दिसतेच, तसं ५० चं सनस्क्रीन पातळ लावून ५० चं राहत नाही. पुरेसं लावलं तर ३० वालं ९७ टक्के यूव्हीबी अडवतं आणि ५० वालं ९८, म्हणजे आकड्याच्या मागे धावण्यापेक्षा चेहरा आणि मानेला दोन बोटं भरून घ्यावं आणि बाहेर असलो तर दोन तासांनी परत लावावं. ड जीवनसत्त्वाची काळजी ज्यांना वाटते त्यांनी रक्त तपासून घ्यावं, रोजच्या वापराने ते खाली गेल्याचं नॅम्बरमध्येही दिसलं नव्हतं.

पण ही सगळी माझ्यासारख्या मोठ्या बाईची गणितं आहेत. लहान मुलांचं वजन कमी आणि त्या मानाने कातडीचं क्षेत्रफळ जास्त, म्हणजे तेच लोशन अंगभर लावलं तर किलोमागे त्यांच्या शरीरात जास्त जाणार. त्यांना मैदानावर, पोहायच्या तलावावर, समुद्रावर अंगभर लावलं जातं, आणि लावलंही पाहिजे, लहानपणी भाजलेली त्वचा पुढे महागात पडते हे माहीत आहे. एफडीएने २०१९ मध्ये जे अभ्यास मागितले, प्राण्यांवर दीर्घकाळ, गर्भावर, हार्मोन्सवर, शोषणावर, ते अशक्य कोटीतले नाहीत, ते करायला वर्षं लागतात आणि पैसा लागतो, बस. जी द्रव्यं इतक्या माणसांच्या अंगाला लागून कंपन्यांनी इतका पैसा कमावला त्यांच्यावर तो खर्च व्हायला हवा, त्याचे निकाल उघड छापले जावेत, आणि मुलांच्या शोषणाचे आकडे सगळ्यात आधी.